प्रणाली बदलली, अर्ज मुके झाले

संगणकाची कार्यप्रणाली अद्ययावत केली आणि दप्तरातील जुने मराठी अर्ज निरर्थक रोमन अक्षरांत उमटू लागले. जुना फॉन्ट नव्या प्रणालीवर चालेना. दोष केवळ प्रणालीचा नव्हता. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवले होते. यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी कधी नव्हताच. वास्तविक युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले, विंडोज २००० मध्ये ती प्रत्यक्ष आली. आपण मात्र जुन्याच फॉन्टांना चिकटून राहिलो.

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत भेद एका ‘र’चा, अर्थ मात्र गुरूवरून स्वयंपाक्यावर जातो. रूपांतरात तो पुसला गेला, तर सीमाभागातील मराठी दस्तऐवजाचा भरवसा काय? म्हणून जुने मजकूर युनिकोडमध्ये आणावेत आणि मूळ कागदाशी अक्षरशः ताडून पाहावेत.