पार्वतीबाई आठवले

पार्वतीबाई आठवले (जन्म: देवरूख, इ.स. १८७०, मृत्यू: इ.स. १९५५) या महाराष्ट्रातील समाजसेविका, स्त्रीशिक्षणाच्या प्रचारक आणि आत्मचरित्रकार होत्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमात आश्रय घेतलेल्या पहिल्या पिढीतील विधवांमध्ये त्यांची गणना होते. ज्या संस्थेने आपल्याला उभे केले तिच्यासाठी त्यांनी उर्वरित आयुष्य वेचले. आश्रमाच्या अधीक्षिका आणि निधिसंकलक म्हणून त्या विशेष ओळखल्या जातात. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र होय.

बालपण आणि वैधव्य

पार्वतीबाईंचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख येथे बाळकृष्ण केशव जोशी यांच्या कुटुंबात झाला. त्यांचे माहेरचे नाव कृष्णा होते. तत्कालीन प्रथेप्रमाणे वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह महादेव नारायण आठवले यांच्याशी झाला. आठवले हे गोव्यात नोकरीस होते. विसाव्या वर्षाच्या सुमारास पार्वतीबाईंना वैधव्य आले. पदरी एक लहान मुलगा होता. रूढीनुसार त्यांचे केशवपन झाले आणि त्या माहेरी परतल्या. या वेळेपर्यंत त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते.

थोरल्या बहिणीचा आदर्श

पार्वतीबाईंची थोरली बहीण गोदूबाई याही बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा त्यात दाखल झालेल्या गोदूबाई या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. पुढे सदन पुण्यास हलले. १८९३ मध्ये गोदूबाईंचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या नावाने परिचित झाल्या. या विवाहामुळे कर्व्यांच्या मुरूड या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. एका विधवेला शाळेत घातल्याने तिचे जीवन कसे बदलते, याचे उदाहरण पार्वतीबाईंना अशा रीतीने घरातच पाहावयास मिळाले. वयाची पंचविशी उलटल्यानंतर त्या पुण्यास बहिणीकडे आल्या आणि तेथे त्यांच्या शिक्षणास सुरुवात झाली.

आश्रमातील कार्य

कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. आश्रमाचे काम प्रथम पुणे शहरात चालत असे. प्लेगच्या साथीमुळे १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगणे येथे हलविण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथील जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी पैसे दिले होते. त्या काळी हिंगण्यास नीट रस्ता नव्हता. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे कर्वे रोज पायी ये-जा करीत.

या आश्रमात शिकणारी विधवा म्हणून आलेल्या पार्वतीबाई पुढे त्याच्या अधीक्षिका झाल्या. आश्रमाचा खर्च प्रामुख्याने वर्गणी आणि देणग्यांवर चालत असल्याने निधी जमविण्याची मोठी जबाबदारीही त्यांच्याकडे आली. गावोगावी प्रवास करून, घरोघरी जाऊन आणि सभांमध्ये भाषणे करून त्यांनी संस्थेसाठी पैसा गोळा केला. स्त्रीने, त्यातही विधवेने, सभेत उभे राहून बोलणे त्या काळी दुर्मीळ होते.

केशवपनाविषयीचा निर्णय

बहिणीप्रमाणे पुनर्विवाह न करता पार्वतीबाईंनी संस्थेचे कार्य स्वीकारले. केशवपन केलेली आणि विधवेच्या वेषातील स्त्री सनातनी कुटुंबांच्या माजघरापर्यंत जाऊ शकत असे. आश्रमात मुली पाठवाव्यात म्हणून ज्यांचे मन वळवायचे, तीच ही कुटुंबे होती. कर्व्यांच्या पुनर्विवाहामुळे संस्थेविषयी साशंक असलेल्या या वर्गात त्यामुळे पार्वतीबाईंना प्रवेश मिळत असे. परंतु जी रूढी त्यांना स्वतःला अन्यायकारक वाटत होती, तिचेच चिन्ह त्यामुळे अंगावर वागवावे लागत होते. १९१२ च्या सुमारास त्यांनी केशवपन थांबवून केस वाढविण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाबद्दल त्यांना टीका सहन करावी लागली. आत्मचरित्रात त्यांनी या प्रश्नाची मोकळेपणाने चर्चा केली आहे.

अमेरिकेचा प्रवास

इंग्रजी येत नसल्याची उणीव पार्वतीबाईंना सतत जाणवत असे. मराठी भाषक प्रदेशाबाहेर संस्थेची बाजू मांडण्यासाठी ही भाषा आवश्यक होती. पण मायदेशी केलेल्या प्रयत्नांना पुरेसे यश आले नव्हते. अखेर १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी घरकामाची नोकरी करून उदरनिर्वाह केला आणि इंग्रजीचा अभ्यास केला. शाकाहार त्यांनी परदेशातही सोडला नाही. संस्थेच्या कार्याची माहिती देऊन तिच्यासाठी मदत मिळविण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. १९२० मध्ये त्या भारतात परतल्या.

लेखन

'माझी कहाणी' हे आत्मचरित्र १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून ओळखले जाणारे मिशनरी जस्टिन ॲबट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. तो १९३० मध्ये प्रकाशित झाला. विधवेचे दैनंदिन जीवन, आश्रमातील दिवस, वर्गणीसाठीची भ्रमंती आणि परदेशातील अनुभव असा या पुस्तकाचा विस्तार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्राह्मण विधवांच्या स्थितीविषयीचे प्रत्यक्ष कथन म्हणून त्याला महत्त्व आहे.

वारसा

हिंगण्याच्या आश्रमातून पुढे मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली. १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. मूळ संस्था आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने कार्यरत असून हिंगण्याचा परिसर कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. सातारा आणि वाई येथील कन्याशाळा याच संस्थेच्या आहेत. साताऱ्याशी कर्व्यांचा संबंध विद्यार्थिदशेपासूनचा होता. मुरूडहून सह्याद्री ओलांडून ते पायी परीक्षेसाठी साताऱ्यास गेले होते. मात्र वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. त्याच शहरात पुढे त्यांच्या संस्थेची मुलींची शाळा उभी राहिली.

कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न हा सन्मान मिळाला. त्यांच्या संस्थेच्या उभारणीत आश्रमातच घडलेल्या स्त्रियांचा वाटा मोठा होता. पार्वतीबाई आठवले या त्यांपैकी अग्रगण्य होत.