आवाजाची कळ

1931 साली पंडित विष्णु दिगंबर पलुसकर निवर्तले. त्यांच्या आयुष्याची उतरती वर्षे आमच्या नाशिकच्या पंचवटीत गेली. त्या पिढीचा गवई आवाज लहान करी, पण मलूल होऊ देत नसे; त्याचा हलका षड्जही शेवटच्या रांगेपर्यंत तेज घेऊन जाई. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज बीचम याने विजेवर वाजणाऱ्या गिटारीचा नमुना तयार केला आणि रिकनबॅकर याच्या साह्याने ती पुढच्या वर्षी बाजारात आली. अॅल्युमिनियमची ओतीव, दिसायला थेट तव्यासारखी, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची. आवाज लहानमोठा करण्याचे जे काम गळा किंवा बोट करी, ते आता एका कळीकडे आले, आणि पुढचा सारा घोटाळा तेथूनच सुरू झाला.

कळ आली ती रेडिओतून. कळीच्या पोटात कार्बनचा अर्धचंद्राकार पट्टा असतो आणि त्यावरून एक पाते सरकते. पट्टा सर्वत्र सारखा असेल तर कळ अर्धी फिरवल्यावर विजेचा दाब अर्धा होतो. गणित चोख आहे, पण कानाला ते मान्य नाही! फेखनर या जर्मन पंडिताने 1860 मध्ये मांडले होते की आपली इंद्रिये बेरजेने मोजत नाहीत, पटीने मोजतात. दाब निम्मा झाला तरी कानाला थोडासाच फरक कळतो. म्हणून अशी कळ बराच वेळ काही करीत नाही आणि शेवटच्या वळणावर आवाज एकदम गडप करते. यावर रेडिओवाल्यांनी तोड काढली ती अशी, की मध्यावर दाब दहा-पंधरा टक्केच उरेल असा चढता पट्टा बनवायचा. आजच्या बाजारात पहिल्या जातीवर ‘बी’ आणि दुसरीवर ‘ए’ हे अक्षर असते. गिटार बनवणाऱ्यांनी या कळा आयत्या उचलल्या. त्यांतला अग्रणी लिओ फेंडर तर मूळचा रेडिओ दुरुस्त करणाराच. त्याला स्वतःला गिटार वाजवताही येत नसे.

ही कळ म्हणजे केवळ सोय, असे मात्र समजू नये. मांडीवरची गिटार वाजवणारे कसबी लोक कळ बंद ठेवून तार छेडत आणि करंगळीने आवाज हळूच उघडत. तारेवरचा आघात लपे आणि स्वर गळ्यातून निघाल्यासारखा उमले. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीते वाजवली आणि पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनबरोबर त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या, तेव्हा श्रोत्यांना हवे होते ते हे गाणेच. करंगळीखालची कळ अडखळली तर त्यातले गाणे गेले.

दुसरे दुखणे अधिक छुपे आहे. आमच्या सातपुरात, कारखान्यांच्या वस्तीत, गणपतीत वाजवणारा एक ऑर्केस्ट्रा आहे. त्यातला गिटारवाला, दिवसा लेथवर काम करणारा मुलगा, माझ्याकडे गिटार घेऊन आला. एकट्याचा तुकडा वाजवताना वाद्य खणखणीत, पण गायिकेच्या मागे जाण्यासाठी कळ उतरवली की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. मंडळी त्याच्या जागी कीबोर्डवाला घेण्याच्या विचारात होती.

दोष हाताचा नव्हता, वायरचा होता. सहा मीटरची वायर म्हणजे सुमारे 600 पीएफचा कंडेन्सरच असतो. 250 किलो-ओहमची कळ निम्म्या दाबावर आणली की विजेला साठ-बासष्ट किलो-ओहमची वाट ओलांडावी लागते. मग सेकंदाला चार हजार कंपनांच्या वरचे सारे स्वरांश त्या वायरीत विरतात. आणि स्वराचे तेज असते ते तिथेच. कळ 500 ची असेल तर ही सीमा आणखी निम्म्यावर येते.

या दुखण्यावरचे औषध जुनेच आहे. 1950 च्या दशकातल्या गिब्सन गिटारींत टोनची जोडणी आवाजाच्या कळीच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला असे. त्यामुळे उतरत्या आवाजातही धार बरीच टिके. पुढे ती जोडणी आत येणाऱ्या टोकावर गेली आणि धार बोथटली. का बदलली कोण जाणे! 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरच्या टेलिकास्टरमध्ये आवाजाच्या कळीच्या दोन टोकांवर 1000 पीएफचा कंडेन्सर आला. बारीक स्वरांना ती आडवाट. कळ उतरली तरी ते निसटून पुढे जातात.

आमच्याकडे त्याला ‘एकशेदोन’ म्हणतात आणि तो चहाच्या कपाहून स्वस्त पडतो. मुलाच्या गिटारीत ‘बी’ची कळ होती, ती काढून ‘ए’ची घातली आणि एकशेदोन डागला. पहिल्या दिवशी उतरता आवाज उलट किरटा लागला, कारण नुसता कंडेन्सर जरा जास्तच उत्साही असतो. मग त्याला समांतर 150 किलो-ओहमचा रेझिस्टन्स दिला. त्याने किरटेपणा गेला, पण कळीची चाल पुन्हा थोडी ‘बी’कडे झुकली. एकाची भर घालावी तर दुसऱ्याची तूट येते. मुलगा म्हणाला, “काका, चाल मी हाताने सांभाळतो, आवाज तेवढा मरू देऊ नका.” रेझिस्टन्स तसाच ठेवला. त्या गणपतीत गायिकेच्या मागे तोच वाजवत होता.