निर्मलचा ब्योमकेश आणि सिसिलीचा इन्स्पेक्टर

गेल्या चवथीला माझी भाची लंडनहून आली होती. येताना तिने एका इटालियन मालिकेच्या डीव्हीडी आणल्या. मालिकेचं नाव ‘इन्स्पेक्टर मोन्ताल्बानो’. तिकडे बीबीसीच्या चौथ्या वाहिनीवर शनिवारी रात्री परभाषेतल्या गुन्हेमालिका इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवायचे, तिथे तिला आणि जावयाला या इन्स्पेक्टराची चटक लागली. गणपतीपुढची आरती, फुगड्या सगळं आटोपल्यावर आमच्या डिचोलीच्या घरात दहा-बारा माणसं लॅपटॉपसमोर बसली. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही आणि इटालियनचा तर प्रश्नच नाही. मग भाची उपशीर्षकं वाचून आजीला कोंकणीत सांगू लागली. म्हणजे सिसिलीतला माणूस बोलत होता इटालियन, खाली अक्षरं इंग्रजी, आणि आमच्या सालात ऐकू येत होती कोंकणी! आणि मी मनातल्या मनात विचार करत होतो मराठीत, कारण या गोष्टीवर लिहायचं असं तेव्हाच ठरवलं होतं.

पहिल्या भागानंतर मतं सुरू झाली. थोरल्या भावाचं म्हणणं, एवढ्याशा गावात इतके खून होतात तर तिथे माणसं उरली कशी? वहिनीला प्रश्न पडला की भरदिवसा रस्ते एवढे मोकळे कसे, तिथे कुणी बाजाराला जात नाही काय? जावयाला त्या इन्स्पेक्टराचं समुद्रकाठचं घर आवडलेलं. भाचीला त्याचं बायकांशी वागणं मुळीच पसंत नव्हतं, तरी ती मालिका सोडत नव्हती. आईने खुनाकडे लक्षच दिलं नव्हतं. इन्स्पेक्टर एकटाच बसून मासळीवर ताव मारत होता आणि कुणी बोलायला लागलं की त्याला गप्प करत होता, तेवढं तिने नीट पाहिलं. म्हणाली, “चवथीच्या दिसांनी नुस्तें दाखयतात! पूण जेवताना उलयना, बरो मनीस. हो आमचोच कोण तरी दिसता.”

ते वाक्य ऐकलं आणि मला एकदम निर्मल आठवलं.

गोव्यातल्या वाचकांना निर्मल म्हटलं की फार तर लाकडी खेळणी आठवतील. पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची, चकचकीत रंगाची. हे गाव तेव्हा आंध्र प्रदेशच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. २०१४ साली तेलंगण झालं आणि २०१६ साली निर्मल हा वेगळा जिल्हा झाला. माझ्या मावशीचे यजमान बँकेत होते आणि त्यांची बदली तिथे झाली होती. १९९३ साली शाळेच्या सुट्टीत मी मावशीकडे गेलो तेव्हा तेरा वर्षांचा होतो.

त्या भागाचा थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. आदिलाबाद हा निजामाच्या राज्यातला जिल्हा. १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत सरकारी भाषा उर्दू, शाळाही उर्दूत. घरात कुणाची तेलुगू, कुणाची मराठी, कुणाची गोंडी. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा रेघा ओढल्या गेल्या. किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके मराठी म्हणून मुंबई राज्यात गेले. उलट नांदेडकडचा मुधोळ आदिलाबादमध्ये आला. तो निर्मलच्या शेजारचाच मुलूख, भैंसा-मुधोळकडे आजही मराठी बोलणारी पुष्कळ घरं आहेत. रेघ नकाशावर ओढता येते, पण चुलीपाशी बोलायची भाषा तिच्या हिशेबाने बदलत नाही. हे आपल्याला गोव्यात कुणी वेगळं शिकवायला नको.

मावशीचे घरमालक असेच मुधोळकडचे मराठी गृहस्थ. शिक्षण उर्दूत झालेलं, हिशेब तेलुगूत लिहायचे, पोथी मराठीत वाचायचे. त्यांची बायको तेलुगू. टीव्ही त्यांच्याकडे होता आणि ‘ब्योमकेश बक्शी’च्या रात्री निम्मी आळी त्यांच्या ओसरीवर जमायची. वीज जायची तेव्हा सगळे तसेच बसून राहायचे आणि खुनी कोण यावर वाद घालायचे.

बासू चटर्जींची ही मालिका दूरदर्शनवर १९९३ साली आली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित. त्याआधी १९८५ साली पंकज कपूरचा गाजर खाणारा ‘करमचंद’ होऊन गेला होता, पण तो सगळा मिश्कील मामला. ब्योमकेश शांत, धोतर नेसणारा, स्वतःला गुप्तहेर न म्हणवता सत्यान्वेषी म्हणवणारा. आम्ही मुलं बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेली. आम्हाला पिस्तूल नाही, पाठलाग नाही म्हणून जरा चुकल्यासारखंच वाटायचं.

ओसरीवरची मतं मात्र ऐकण्यासारखी असायची. घरमालक भाषेवर नजर ठेवून असत. “हे कलकत्त्याचे लोक एवढी शुद्ध हिंदी बोलतात होय?” हा त्यांचा नेहमीचा आक्षेप. मालकीणबाईंना हिंदी जेमतेम कळायची, पण तोंड बघून त्या खुनी ओळखायच्या आणि पुष्कळदा ते बरोबर निघायचं. समोरच्या खेळणी रंगवणाऱ्या घरातला मुलगा भिंती, पलंग, दिवे बघायचा आणि सांगायचा, रंग चांगला उतरलाय. मावशीला मालिका आवडायचं कारण एकच. ब्योमकेशची बायको सत्यवती झाली होती आपली सुकन्या कुलकर्णी! “बंगालीण कसली, आपलीच आहे ती,” हे मावशी दर खेपेला म्हणायची. आईने चवथीला म्हटलं तेच वाक्य, तीस वर्षं आधी, दुसऱ्या राज्यात.

मावशीला माहीत नव्हतं की ती बोलत होती त्यात आणखी एक खरी गोष्ट दडलेली होती. ब्योमकेशचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी पहिल्या कथा १९३२ च्या सुमारास लिहिल्या हे खरं. पण १९३८ साली ते सिनेमासाठी मुंबईला आले, बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथा लिहू लागले, आणि पन्नासच्या दशकात पुण्याला जाऊन राहिले. ब्योमकेशच्या नंतरच्या पुष्कळ कथा पुण्यात लिहिल्या गेल्या आहेत. १९७० साली त्यांचं निधन झालं. म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्या, मेसमधली जेवणं, पावसाळी संध्याकाळी हे सगळं एक माणूस महाराष्ट्रात बसून बंगालीत लिहीत होता. ते मुंबईच्या दिग्दर्शकाने हिंदीत आणलं. आणि निर्मलच्या ओसरीवर ते उर्दू शिकलेल्या मराठी माणसाने आणि त्याच्या तेलुगू बायकोने पाहिलं. एवढा प्रवास करूनही त्यातलं कलकत्ता कलकत्ताच राहिलं.

आता सिसिलीचा इन्स्पेक्टर. त्याचा लेखक आंद्रेआ कामिल्लेरी १९२५ साली पोर्तो एम्पेदोक्ले या सिसिलीतल्या छोट्या बंदराच्या गावी जन्मला. आयुष्यभर नाटकं बसवली, इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीत निर्मिती केली, कमिशनर मेग्रेच्या मालिकेवरही काम केलं. मोन्ताल्बानोची पहिली कादंबरी आली १९९४ साली, म्हणजे लेखक ६८ वर्षांचा! आमच्यासारख्या निवृत्तीची वर्षं मोजणाऱ्या कारकुनांना हे वाचून बरं वाटतं. पुस्तक काढलं तेही मिलानच्या बड्या प्रकाशकाने नव्हे, सिसिलीतल्याच पालेर्मोच्या सेल्लेरिओ या छोट्या प्रकाशनाने. १९९९ साली मालिका सुरू झाली आणि २०२१ पर्यंत तिचे ३७ भाग आले. कामिल्लेरी २०१९ साली वारले. त्यांच्या जन्मगावाने २००३ साली कादंबरीतल्या काल्पनिक गावाचं, विगाताचं नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतलं होतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती त्यांची भाषा. कामिल्लेरींच्या कादंबऱ्या शुद्ध इटालियनमध्ये नाहीत. घरात बोलली जाणारी सिसिलियन आणि शाळेत शिकलेली इटालियन यांची त्यांनी सरमिसळ केली, आणि तीही फक्त पात्रांच्या तोंडी नव्हे, निवेदनातसुद्धा. पिरांदेल्लो हा त्यांच्याच भागातला मोठा नाटककार. बोलीतून वस्तूविषयीची भावना येते आणि प्रमाणभाषेतून तिची संकल्पना, हे त्याचं म्हणणं कामिल्लेरी मानत. पोलीस ठाण्यातला कातारेल्ला नावाचा शिपाई तर तिन्ही लोकांत कुणी बोलणार नाही अशी भाषा बोलतो. ऑफिसची इटालियन, घरची सिसिलियन आणि स्वतःच्या चुका यांचं ते कडबोळं आहे. आमच्या कचेरीत असे दोन-तीन कातारेल्ला मी रोज पाहतो. कधी कधी टिपणी लिहिताना मी स्वतःच तो असतो!

मालिकेत ही भाषा बरीच सौम्य केली आहे. मोन्ताल्बानो झालेला लुका झिंगारेत्ती मुळात रोमचा. चित्रीकरण झालं रागुसा जिल्ह्यात, कामिल्लेरींच्या गावापासून दूर. इंग्रजी उपशीर्षकांत तर बोली आणि प्रमाण यांतला फरक जवळजवळ पुसूनच जातो. म्हणून बाहेरचे प्रेक्षक मुख्यतः जागेबद्दल बोलतात: समुद्र, जेवण, मोकळे चौक. भाषा कळणाऱ्याला मात्र पहिल्या वाक्यालाच कळतं की हा माणूस कुठल्या गल्लीतला. आमच्या आईला ते कळायचं कारण नव्हतं. पण भाचीने तिला ते कोंकणीत सांगितलं, कातारेल्लाची बडबड तर घाटावरून नव्या आलेल्या माणसाच्या कोंकणीत सांगितली, आणि पुसलेलं थोडंसं परत आलं. इंग्रजी अक्षरांना जे जमलं नाही ते आमच्या सालात जमलं.

आपल्याकडे काय आहे? मराठी दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ होती, शिवाजी साटम तिथले. बँकेत नोकरी करून नाटक करणारा हा माणूस १९९८ पासून ‘सी.आय.डी.’चा एसीपी प्रद्युम्न झाला आणि दोन दशकं सगळ्या देशाचा पोलीस राहिला, पण हिंदीत. आणि आपला गोवा? २०१५ साली ‘दृश्यम’ आला तेव्हा आमच्या कचेरीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नायक विजय साळगावकर, पोलीस गायतोंडे, गाव पोंडोळे. गोष्ट मुळात केरळची, मल्याळममधली; दिग्दर्शक निशिकांत कामत मराठी. चित्रपट आवडला सगळ्यांना. पण एक सहकारी म्हणाला ते मी विसरलो नाही: “आडनावं आमची, रस्ते आमचे, पणजीची बस आमची. एक माणूस तरी घरात घरच्यासारखो उलयता?” निर्मलच्या घरमालकांचाच तो आक्षेप. त्यांना कलकत्त्यासाठी वाटलं, याला स्वतःच्या गावासाठी वाटलं.

याचा दोष मी हिंदी सिनेमावाल्यांना देणार नाही. त्यांना देशभर तिकीट विकायचं असतं. मला प्रश्न पडतो तो आपल्याबद्दल, म्हणजे गोव्यात मराठी लिहिणाऱ्यांबद्दल. आपण घरात कोंकणी बोलतो आणि लिहितो मराठी. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधी आणि नंतर आपण या दोन भाषांवर इतकं भांडलो की दोन्ही एकाच वाक्यात आल्या तर कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं होतं. म्हणून आपली पात्रं पेडण्यात जन्मतात आणि सदाशिव पेठेत बोलतात. मीही हेच केलं आहे. काही वर्षांपूर्वी मी एक रहस्यकथा लिहिली. घटना डिचोलीची, तपास करणारा हवालदार आमच्याच वाड्यावरचा. त्याचे संवाद मी तो बोलतो तसे लिहिले. एका अंकाने ‘भाषा एकसारखी करून पाठवा’ म्हणून ती परत केली. मी एकसारखी केली. कथा छापून आली आणि हवालदार मेला. गोष्टीत नव्हे, भाषेत.

कामिल्लेरींच्या सरमिसळीने इटालियनचं काही बिघडलं नाही. उलट एका कोपऱ्यातल्या गावाची भाषा सगळ्या इटलीने आनंदाने वाचली, न कळलेले शब्द विचारून घेतले. शरदिंदूंनी पुण्यात राहूनही आपलं कलकत्ता बंगालीतच ठेवलं. मराठी एवढी लेचीपेची नाही की हवालदाराच्या चार कोंकणी वाक्यांनी ती बाटेल. आणि कोंकणीही एवढी दुबळी नाही की मराठी कथेत आली म्हणून हरवेल.

भाची परत जाताना डीव्हीडी इथेच ठेवून गेली. उरलेले भाग आता आईला मी सांगतो. पहिल्या दिवशी सवयीने मराठीत सांगायला लागलो, तर ती म्हणाली, “पेपर वाचता कित्या? सारकें सांग.” त्या रात्री मी कपाटातून हवालदाराच्या कथेचा मूळ खर्डा काढला. संवाद अजून जसेच्या तसे आहेत. एकही शब्द न बदलता तो पुन्हा पाठवणार आहे.