टेनपिन बोलिंग : राष्ट्रीय स्पर्धेसाठी स्थळाची निवड
२०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील टेबल टेनिस सुरतच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये झाले. टेबले आणून मांडता येतात. बोलिंगची लेन मात्र जागीच बांधलेली असते. त्यामुळे यजमान सुरत असो वा पणजी, आधी सज्ज बोलिंग केंद्र हवे. ते बहुधा मॉलमधले, म्हणजे ऐन गर्दीच्या शनिवार-रविवारी मालकाला सामान्य ग्राहक थांबवावे लागणार. फाऊल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंतचे ६० फूट अंतर सर्वत्र सारखेच. खरी कसोटी लेनवरील तेलाची. ते ठरावीक आराखड्यानुसार पसरलेले असते आणि चेंडूंबरोबर ओढले जाऊन विरळ होते. प्रत्येक सत्रापूर्वी ते यंत्राने नव्याने घातले नाही, तर सकाळच्या आणि दुपारच्या खेळाडूंना एकच लेन वेगवेगळी मिळते. निवास व प्रवासखर्चाचा विचार त्यानंतर.