कोलोंबच्या मातीवरील टेनिस

टेनिस म्हणजे हिरवळीवरचा खेळ, अशी समजूत विंबल्डनच्या कीर्तीमुळे आपल्याकडे रूढ झाली. वस्तुतः युरोप खंडावर हा खेळ बहुधा मातीवरच वाढला. मातीवर चेंडू मंदावतो व उंच उसळतो. हिरवळीवर हमखास गुण मिळवून देणारा फटका येथे परतून येतो. जोमापेक्षा चिकाटीची परीक्षा अधिक.

या मातीसाठी पॅरिसजवळ सँ-क्लू येथे १९१२ पासून निराळे जागतिक सामने भरू लागले. १९१४ साली तेथे पंधरा वर्षांची सुझान लाँग्लेन अजिंक्य ठरली. पुरुषांतील विजेता न्यूझीलंडचा अँथनी विल्डिंग पुढील वर्षी रणांगणावर पडला. युद्धानंतर पुन्हा सुरू झालेले हे सामने १९२३ नंतर बंद पडले, आणि १९२४ च्या जुलैमध्ये पॅरिसलगतच्या कोलोंब येथे ऑलिंपिक टेनिस मातीवरच झाले.

या सामन्यांस हिंदी संघ गेला, त्यामागे मुंबईच्या सर दोराबजी टाटांची खटपट होती. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यतींचे अध्यक्षपद भूषविताना शेतकरीवर्गातील तरुण अनवाणी धावताना त्यांनी पाहिले, आणि १९२० साली अँटवर्पला हिंदी खेळाडू धाडण्याच्या खर्चाचा बराच भार स्वतः उचलला.

कोलोंबच्या यादीत सिडनी जेकब, महंमद सलीम, हैदराबादचे सय्यद महंमद हादी व मुंबईच्या फैजी कुळातील अथर अली होते. जेकब उपांत्यपूर्व फेरी गाठून फ्रान्सच्या बोरोत्राकडून हरले. हा पराभव खचित लाजिरवाणा नव्हे.

पण या यादीतील खरे नवल निराळेच आहे. तीत नोरा पॉली आणि दोराबजींच्या पत्नी लेडी मेहेरबाई अशा दोन स्त्रियांचीही नावे होती. मिश्र दुहेरीत सलीम यांच्या जोडीला नाव असलेल्या मेहेरबाईंचे वय त्या वेळी चव्वेचाळीस होते. म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्यातील होरमसजी भाभांची ही कन्या टेनिस खेळे ती साडी नेसून. पाश्चात्य वेष त्यांना दुर्लभ होता असे थोडेच! साडी ही त्यांची निवड होती. त्या काळी मध्यमवर्गीय घरांतील मुलींना परसदारीसुद्धा धावण्याची मुभा क्वचितच मिळे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या निवडीचे मोल कळते.

कोलोंब येथे खेळाडूंच्या गैरसोयीविषयी पुष्कळ तक्रारी झाल्या. पुढे हौशी खेळाडू कोणास म्हणावे या वादात टेनिस ऑलिंपिकमधून वगळले गेले, ते पदकांच्या खेळांत परतले १९८८ साली सोल येथे. मेहेरबाई १९३१ मध्ये निवर्तल्या, पुढील वर्षी दोराबजीही. हिंदी स्त्रिया ऑलिंपिकमध्ये पुन्हा दिसल्या त्या १९५२ साली हेलसिंकीस. त्या चौघींपैकी धावपटू मेरी डिसोझा व जलतरणपटू डॉली नाझीर या दोघी मुंबईच्याच होत्या.