ताग : आरमाराच्या दोरखंडापासून नांगराच्या तासापर्यंत

इ. स. १८०७. नेपोलियन आणि रशियाचा झार यांच्यात तिल्सितचा तह झाला, आणि लंडनमध्ये एक वेगळीच चिंता उभी राहिली : दोरखंडांची. ब्रिटिश आरमाराचे दोर ज्या धाग्याने वळले जात, तो बहुतांशी रशियातून येई. ती वाट बंद झाली तर जहाजे बंदरातच राहणार.

पर्याय म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने ज्या वनस्पतीकडे पाहिले, ती मराठी शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची होती : ताग, अर्थात बोरू. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याच्या धाग्याची ताकद आधीच तपासून पाहिली होती. १८०८ मध्ये कंपनीतील रॉबर्ट विसेट यांनी हेम्पवर ग्रंथ काढला, त्यातही या भारतीय ‘सन’ची दखल होती.

हा ‘सन’ म्हणजे संस्कृतातील ‘शण’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाच्या देखरेखीखाली कातल्या जाणाऱ्या धाग्यांत तो आहे. मनुस्मृतीने क्षत्रियाचे यज्ञोपवीत शणाचे सांगितले आहे. लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘क्रोटालारिया जुन्सिया’ हे नाव दिले. पहिल्या शब्दाच्या मुळाशी ग्रीक खुळखुळा आहे, कारण वाळलेल्या शेंगेत बिया वाजतात. गंमत अशी, की मराठीतही या कुळातील रानझुडपांना ‘खुळखुळा’च म्हणतात.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. गोणपाटाच्या ज्यूटलाही मराठीत ताग म्हणतात, पण ते झाड निराळे. ते शेंगवर्गीय नाही. १८५५ मध्ये, क्रिमियन युद्धामुळे रशियन माल पुन्हा अडला असताना, जॉन फोर्ब्स रॉयल यांनी भारतीय धाग्यांवरील ग्रंथात आपल्या तागाची बाजू मांडली. त्याच वर्षी बंगालमध्ये रिश्रा येथे ज्यूटची पहिली गिरणी सुरू झाली. पुढची बाजारपेठ ज्यूटची ठरली.

तागाचे खरे बळ मात्र खोडात नव्हते, मुळांवरच्या गाठींत होते. १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी वाळूतल्या प्रयोगांतून दाखवून दिले, की शेंगवर्गीय झाडे गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतला नत्र वापरतात. शेंगवर्गीय पिकानंतर जमीन का सुधारते, या जुन्या कोड्याचे उत्तर हाती आले. मग शेतीखात्यांना सोपा हिशेब सुचला : ताग पेरा, फुलावर आला की गाडा, पुढचे पीक घ्या.

हिशेब शेतात तितका सरळ जमेना. बिहारमधील पुसा येथे १९०५ पासून काम करणारे अल्बर्ट हॉवर्ड यांच्या ध्यानात आले, की गाडलेला ताग कुजणे हे ओल, हवा आणि वेळ यांवर अवलंबून असते. पाऊस लवकर ओसरला तर तो कुजत नाही; पाणी साचले तर मातीला हवा मिळत नाही. आणि गाडायला उशीर झाला तर खोड राठ होते. ते कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात आणि पुढचे पीक काही काळ उपाशी राहते. एकाच जमिनीने पीकही पोसावे आणि कुजवण्याचे कामही करावे, ही अपेक्षा त्यांना जड वाटली.

पुढे इंदूरला हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कुजवण्याची क्रिया शेताबाहेर, खड्ड्यात आणली. १९३१ च्या त्यांच्या संयुक्त ग्रंथातून ही ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव ठळक आहे. वाड यांचे महाराष्ट्रातही क्वचितच ऐकू येते, हे खटकते.

तरीही ताग गाडणे थांबले नाही. आजही पावसाच्या आरंभी तो दाट पेरतात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी, पिवळी फुले दिसू लागताच, नांगराखाली घेतात. मोठ्या जमिनीच्या मालकाला ते परवडते. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र त्यासाठी खरिपाचे नेमके तेच दिवस द्यावे लागतात, ज्यांत सोयाबीन किंवा मूग उभा राहिला असता.