नागपूरचा अजब बंगला आणि पाद्री हिस्लॉप

नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये जे मध्यवर्ती संग्रहालय आहे, त्यास शहरातला माणूस त्या नावाने सहसा ओळखत नाही. रिक्षावाल्यास सरकारी नाव सांगितले तर तो क्षणभर विचारात पडतो. 'अजब बंगला' म्हटले की लगेच गाडी सुरू करतो. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत निर्माण केला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत हे संग्रहालय उभे राहिले. पेंढा भरलेले वाघ, काचेमागचे पक्षी, गावोगावच्या भग्न मूर्ती आणि न वाचता येणारे शिलालेख एकाच छपराखाली पाहून तत्कालीन नागपूरकरांनी त्यास जे नाव दिले, ते दीडशेहून अधिक वर्षे टिकले आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील मुले आणि काही वडीलधारी मंडळी यांस घेऊन आम्ही तेथे गेलो. खरे म्हणजे दोनदा गेलो. पहिल्या खेपेस आम्ही सोमवार निवडला आणि संग्रहालय सोमवारी बंद असते हे आम्हांस फाटकापाशी पोहोचल्यावर समजले. चाळीस मुलांनी डबे तेथेच झाडाखाली उघडले. त्या दिवशी त्यांना सहलीचा आनंद मिळाला, परंतु इतिहास मात्र आणखी पंधरा दिवसांनी.

या संग्रहालयाच्या जन्माशी एका पाद्र्याचे नाव जोडले गेले आहे. ते आमच्या ख्रिस्तसभेचे नव्हते. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. १८१७ साली डन्झ या गावी त्यांचा जन्म झाला आणि १८४५च्या आरंभी ते नागपुरास आले. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा काढली, भाषा शिकून घेतल्या आणि फावल्या वेळात हातोडी घेऊन दगड फोडले. आम्ही सेमिनरीत शिकत असताना प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांविषयी आम्हांस फारसे कोणी सांगितले नाही. दोन घरांमध्ये कुंपण असावे तशी ती वेळ होती. हिस्लॉप कॉलेजची इमारत आम्ही शेकडो वेळा पाहिली, पण ते नाव कोणाचे, हे विचारावे असे आमच्या मनात कधी आले नाही. ते कॉलेज त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ साली, निघाले.

आणि गंमत अशी, की आम्ही ज्या टेकडीवर राहत होतो तिच्याच परिसरात हिस्लॉप यांचे महत्त्वाचे काम झाले होते. सेमिनरी हिल्स हे नाव तेथील आमच्या सेमिनरीवरून पडले. ती टेकडी काळ्या कातळाची आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले, त्यातलाच तो दगड. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. जवळच टाकळी आहे. तेथे आणि सीताबर्डीच्या टेकडीवर हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दडलेला मातीचा एक पातळ थर आढळला. त्या थरात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख होते, फळे आणि बिया होत्या, कीटकांच्या पंखांची कवचेही होती. याचा अर्थ त्यांनी अचूक लावला. लाव्ह्याचा एक लोट येऊन थंडावला, त्यानंतर पुष्कळ काळ शांततेत गेला, त्या काळात येथे तळी साचली, झाडे वाढली, जीव वावरले. मग दुसरा लोट आला आणि सारे झाकले गेले. नागपूरच्या भूगर्भावरील या दोघांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले आणि तिला 'ब्रॅकिऑप्स' हे नाव दिले. पुढे एका हिरवट खनिजास 'हिस्लॉपाइट' आणि गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राणिकुलास 'हिस्लॉपिया' अशी नावे मिळाली.

थरांवरून काळ वाचण्याची ही विद्या ज्यांच्यापासून सुरू झाली, ते निकोलस स्टेनो मात्र आमच्याच घरचे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. डेन्मार्कचे हे शरीरशास्त्रज्ञ. शार्क माशाचे दात आणि डोंगरात सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड एकच आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा साधा वाटणारा नियम त्यांनी १६६९ साली मांडला. पुढे १६७५ मध्ये ते धर्मगुरू झाले, दोन वर्षांनी बिशप, आणि १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, "फादर, मग दगडांचा संत आहे का?" अद्याप संत नाहीत, धन्यवादित आहेत, असे आम्ही उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही.

हिस्लॉप यांचा अंत संग्रहालय निघाले त्याच वर्षी झाला. नागपूरच्या दक्षिणेस बोरीजवळ टाकळघाट हे गाव आहे. तेथे मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडलेली प्राचीन दफनस्थळे आहेत. विदर्भात अशी शिळावर्तुळे अनेक ठिकाणी आहेत. लोखंड वापरणारे, घोडे पाळणारे लोक आपल्या मृतांस पुरून भोवती दगड रचीत असत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल आणि हिस्लॉप ही वर्तुळे पाहण्यास गेले. टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप गावच्या शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यासाठी मागे राहिले. परतताना अंधार पडला होता आणि पावसाने ओढा फुगला होता. छावणीत घोडा एकटाच आला. शोध घेता पाण्यात त्यांचा देह सापडला. चारच दिवसांनी त्यांस सेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती.

त्यांच्या मागे राहिली ती हस्तलिखिते. टेंपल यांनी ती जुळवली आणि मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचे त्यांचे लेखन १८६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. या ग्रंथाचा खरा ठेवा म्हणजे त्यातील लिंगोची गोंडी कथा. एका परधानाने ती गाऊन सांगितली आणि हिस्लॉप यांनी रोमन अक्षरांत उतरवून घेतली. परधान हे गोंडांचे भाट. यजमानाच्या घरी जाऊन देवांची आणि कुळांची गाणी म्हणणे हा त्यांचा वंशपरंपरेचा अधिकार. गुहेत कोंडले गेलेले गोंड, त्यांस सोडविणारा लिंगो, त्याने लावून दिलेली कुळांची व्यवस्था, असा त्या कथेचा मोठा विस्तार आहे. ती केवळ ग्रंथात उरलेली नाही. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची प्रचंड गुहा आहे आणि माघ पौर्णिमेस तेथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाज लोटतो.

आमच्या मंडळीत मूळच्या गोंड कुटुंबातील एक आजी होत्या. शिल्पांच्या दालनात त्या कंटाळल्या होत्या, शस्त्रांच्या दालनात त्यांनी खुर्ची शोधली. आदिवासी दालनात मात्र एका वाद्यापाशी त्या थबकल्या आणि पुढे येईनात. "फादर," त्या म्हणाल्या, "असं तर आमच्या मायच्या घरी परधान घेऊन येये. रातभर गाये. आमी झोपून जाऊ, तरी त्याचं सुरूच राहे." मुले त्यांच्याभोवती गोळा झाली. परधान काय गात असे, असे एका मुलीने विचारले. आजींनी पुष्कळ आठवून पाहिले. सुरावट आठवली, तीही अर्धवट. शब्द आठवले नाहीत. डोळ्यांस पदर लावून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तवा आइकलं असतं तर!"

हा प्रसंग आमच्या मनातून जात नाही. हिस्लॉप यांचे नाव कॉलेजास लाभले, खनिजास लाभले, पाण्यातल्या जीवासही लाभले. ज्याच्या कंठातून ती कथा कागदावर आली, त्या परधानाचे नाव कशासही लाभलेले नाही. यात हिस्लॉप यांचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी निदान ऐकले आणि लिहून ठेवले. आम्ही तेवढेही केले नाही. तरुणपणी एका जुन्या धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो. तेथील माळ्यावर कागदपत्रांची एक लाकडी पेटी होती. जुन्या काळच्या मिशनऱ्यांची रोजनिशी, पहिल्या बाप्तिस्म्यांच्या याद्या, कोणा प्रश्नोत्तरी शिक्षकाने मोडीत लिहिलेली गीतांची वही. वाळवी लागली होती. नाताळापूर्वी साफसफाई करताना पेटी बाहेर काढून जाळावी का, असे आम्हांस विचारले गेले आणि आम्ही घाईत 'हो' म्हणालो. त्या वहीतील गीते कोणाची होती, हे सांगणारे त्या गावात आज कोणी उरलेले नाही. पापनिवेदनात सांगण्यासारखे हे पाप आहे की नाही, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.

अजब बंगल्यातील पुष्कळ वस्तू अशाच, ज्यांची नावे कोणी विचारली नाहीत अशा माणसांच्या हातून आलेल्या आहेत. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे गुरे चारणाऱ्या मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा एक तुकडा दिसला. त्यांनी तो उपटला. पुढे खणता खणता तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. तांब्याचेच वजन सुमारे पावणेचारशे किलो भरले. चांदीच्या पत्र्यांपैकी काही शिंगे असलेल्या बैलाच्या मुखासारखे आहेत. हा साठा पुढे विभागला गेला. काही वाटा लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला, काही नागपुरास राहिला. आमच्या मुलांना चार हजार वर्षांपूर्वीच्या कुऱ्हाडींपेक्षा त्या गुराखी मुलांचे अधिक कौतुक वाटले. त्यांना काही बक्षीस मिळाले का, हा त्यांचा पहिला प्रश्न.

शिलालेखांपाशी मुले थांबत नाहीत. तरीही आम्ही त्यांना माळव्याच्या परमार राजांची वंशावळी सांगणारा, विक्रम संवत ११६१चा लेख दाखविला. 'नागपूर प्रशस्ती' म्हणून तो ओळखला जातो. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी या लेखाचे वाचन प्रथम छापले, पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. मराठी वृत्तपत्राचा जनक संस्कृत शिलालेखही वाचीत असे, हे आमच्या लेखकमंडळींनी ध्यानात घ्यावे.

दुपारनंतर आम्ही गांधीसागर तलावाजवळील रमण विज्ञान केंद्रात गेलो. हे केंद्र १९९२ साली सुरू झाले आणि १९९७ मध्ये त्यास तारांगणाची जोड मिळाली. चंद्रशेखर वेंकट रमण १९१०च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरास होते. त्यांचे नाव केंद्रास दिले आहे. तेथे हात लावू नका असे कोणी म्हणत नाही, उलट लावा असे म्हणतात. त्यामुळे सकाळभर मुठी आवळून चाललेली आमची मुले तेथे मोकळी सुटली. आकाशदर्शन, विज्ञान प्रदर्शने, शाळांसाठी प्रात्यक्षिके असे उपक्रम तेथे वर्षभर चालतात. मे महिन्याच्या अखेरीस एके दिवशी भरदुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, हे तेथील एका मार्गदर्शकाने मुलांना समजावून दिले. त्या दिवशी चर्चच्या अंगणात काठी रोवायची असे मुलांनी परस्पर ठरवूनही टाकले.

आजींनी तारांगणात झोप काढली. बसमध्ये मात्र त्या जाग्या होत्या. मागच्या बाकावरच्या दोन मुलींनी त्यांना मधे बसवून घेतले होते आणि शाळेच्या वहीत काहीतरी लिहिणे चालले होते. आम्ही विचारले नाही. दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर ती वही आमच्या हाती आली. कुळांची नावे, माहेरच्या गावचे देव, लग्नातल्या दोन ओळी आणि परधान कोणत्या वाटेने येत असे, एवढे त्यात होते. अक्षर वाईट आहे. पहिल्या पानावर आजींचे पूर्ण नाव आहे. वही आम्ही कार्यालयातील लोखंडी कपाटात, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांशेजारी ठेवली आहे आणि मुली दर रविवारी ती मागून नेतात.

पुढील सहल जुनापाणीस काढण्याचे ठरले आहे. काटोल रस्त्यावर, शहरापासून जवळच, तेथे सुमारे ३०० शिळावर्तुळे उघड्या रानात आहेत. १८६०च्या दशकात रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने त्यांतील काही उकरली आणि वर्तुळांच्या धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ते खळगे आजही बोटांनी चाचपता येतात. तेथे ना तिकीट आहे, ना काच, ना सोमवारची सुट्टी. सावलीही फारशी नाही, म्हणून ज्यांना यायचे आहे त्यांनी टोपी आणि पाणी बरोबर आणावे.